ओकाची ओली खुर्ची

आमच्या ‘शेजार’ मासिकाच्या जानेवारी अंकात शेवटच्या पानावर सरत्या वर्षाच्या ठळक घडामोडी छापतात. ते पान मी लिहितो. नियम दोनच आहेत आणि दोन्ही मीच केलेले आहेत. एका महिन्याला जास्तीत जास्त तीन ओळी आणि विशेषण एकही नाही. मी इतिहासाचा मास्तर. विशेषणांनी काय काय नासतं ते रोज मुलांच्या वह्यांत बघतो.

लोकांना वाटतं, विशेषणांचा नियम मी शिस्तीसाठी केला. तो मी इदवलसाठी केला.

इदवल म्हणजे इदवल पोस्ट. नांतहेलिगमध्ये, म्हणजे वेल्समधल्या आमच्या गावात, सगळ्यांची मिळून आडनावं तीनच, त्यामुळे माणूस धंद्यावरून ओळखायचा. सेलविन सुतार, इदवल पोस्ट, तेगविन मास्तर. इदवल आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. चौदाव्या वर्षी तो पत्रं वाटायला लागला. मी पुढे ॲबरिस्टविथच्या कॉलेजात गेलो आणि पदवी व काव्यशास्त्राचे सहा ग्रंथ घेऊन परत आलो. आमच्या जुन्या कवितेची चोवीसही वृत्तं मला पाठ आहेत. इदवलला त्यातली पाच-सहा येतात. त्या पाच-सहांवर त्याने नऊ खुर्च्या मिळवल्या.

गावच्या आइस्टेथ्वोदमध्ये, म्हणजे गाण्या-कवितांच्या मेळ्यात, सगळ्यात चांगल्या कवितेला खुर्ची देतात. खरीखुरी, लाकडाची, दोन हातांची. बाकीचं जग कप देतं आणि त्यातून कुणी काही पीत नाही, तेव्हा आम्हाला हसण्याचं कारण नाही. मी सात वेळा दुसरा आलोय. दुसऱ्याला काही देत नाहीत. स्टूलसुद्धा नाही.

इदवलचं लग्न झालेलं नाही. घरात माणूस एक आणि खुर्च्या नऊ. चहाला गेलं की तो म्हणतो, “मास्तर, अडुसष्टवर बस. ती मऊ आहे.” खुर्च्यांना तो सालाने हाक मारतो. अडुसष्ट साली मी दुसरा होतो. बासष्टवर त्याचे बूट असतात, बासष्टलाही मी दुसरा होतो. एकोणसत्तर कोंबड्यांच्या खुराड्यात आहे. तिच्यावर एक तपकिरी कोंबडी बसते आणि नियमित अंडी देते. ती अंडी इदवल आम्हाला आणून देतो आणि माझी बायको नेस्टा त्यांचं कौतुक करते.

“काय पिवळाधमक बलक आहे!” ती म्हणते.

विशेषणांबद्दलचं माझं मत असं दिवसेंदिवस पक्कं होत गेलं.

तर एकोणीसशे शहात्तर. जानेवारी: वादळ, बसथांब्याचं छप्पर उडालं, शेजारच्या गावात सापडलं, त्यांनी परत केलं नाही. मार्च: वेल्सने फ्रान्सला हरवलं, रग्बीचे चारही सामने जिंकले, सेलविन सुताराला टीव्हीसमोर बसल्याबसल्या पाठीत उसण भरली. मे: पाऊस नाही. जून: पाऊस नाही. जुलै: लेडीबर्ड किडे आले, दुधाच्या बाटल्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाद्रीसाहेबांच्या प्रवचनाच्या कागदांवर. ऑगस्ट: नळ बंद, चौकातल्या टाकीवर बादल्यांची रांग.

आमच्या वरच्या अंगाला हावोदचं खोरं आहे. तिथे धरण आहे. धरणातलं पाणी नळाने इंग्लंडातल्या एका शहराला जातं. आम्ही बादल्या घेऊन उभे असताना तिथे त्या पाण्याचं काय चाललं होतं, हे मला विशेषणांशिवाय लिहिता येईना, म्हणून लिहिलंच नाही.

ऑगस्टच्या शेवटी धरणाचा तळ दिसायला लागला, आणि तळाशी सोअर चॅपेलच्या गुडघाभर उंचीच्या भिंती वर आल्या. हे माझ्या आजोबांचं चॅपेल. ते तिथले शेवटचे पाद्री. खोरं बुडवलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि इदवलही. धरणवाल्यांनी छप्पर आणि बाकं काढून नेली होती, भिंती सुरुंगाने पाडल्या होत्या. पण दाराची ओकाची चौकट गाळात पडून राहिली होती. उंबरा, दोन खांब, वरची तुळई. सबंध. चाळीस वर्षं.

सेलविनने आणि आणखी पाचजणांनी ती दोरांनी ओढून ट्रॅक्टरवर घातली. सेलविनची पाठ पुन्हा गेली. मेळ्याचं ते शंभरावं वर्ष होतं. समितीने ठरवलं की या वर्षीची खुर्ची या लाकडाची करायची, आणि कवितेचा विषय ‘पाणी’.

पुढच्याच आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि सोअर पुन्हा खाली गेलं.

ही खुर्ची मला हवी होती. आतापर्यंतच्या नऊ मला अशाच हव्या होत्या, माणसाला हवं असतं तसं. ही वेगळी. या लाकडावरून माझे आजोबा रोज आत-बाहेर करत. ही जर इदवलच्या घरी जाऊन शहात्तर झाली असती आणि तो मला म्हणाला असता, “मास्तर, शहात्तरवर बस,” तर मी काय केलं असतं, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती.

आठ आठवडे मी चोवीस ओळी लिहीत होतो. रात्री जेवताना नेस्टा विचारायची, “किती झाल्या?”

“सतरा.”

“काल अठरा होत्या ना?”

“काल अठरा होत्या,” मी म्हणायचो आणि बटाट्याकडे बघायचो.

आमच्याकडे कवीने नाव लिहायचं नसतं. कवितेखाली टोपणनाव आणि खरं नाव बंद पाकिटात. मी टोपणनाव घेतलं ‘उंबरा’. कविता कुणी पाठवली हे विचारायचं नसतं, सांगायचं नसतं. ज्याला खुर्ची मिळते त्याला मेळ्याआधी दोन आठवडे समितीचं पत्र येतं, म्हणजे तो नेमका त्या दिवशी बहिणीकडे जाऊ नये. त्यानेही ते कुणाला सांगायचं नसतं. चेहरा कोरा ठेवायचा. समारंभात तुतारी वाजते, टोपणनाव पुकारतात आणि गर्दीतून एकजण उभा राहतो. सगळे “अरे!” म्हणतात. त्या “अरे!”साठी एवढा खटाटोप.

ऑक्टोबरात इदवल फाटकाशी भेटला. पत्रांची थैली खांद्यावर, तोंडात काहीतरी पुटपुटणं.

“मास्तर, यंदा आहेस का तू?”

“विचारायचं नसतं, इदवल.”

“मी कुठे विचारतोय? मी म्हटलं, कोबी बरा आलाय.”

“तू आहेस का?”

“आता तूच विचारतोयस.”

“मी कोबीबद्दलच विचारतोय.”

“माझा कोबी यंदा नाही,” इदवल म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला. ज्याच्या कोबीत काही राम नाही त्याची ती शीळ नव्हती.

मग मला एक विचार सुचला. सांगायला शरम वाटते, पण घडामोडी सांगायला बसलो आहे तर सांगतो. समितीचं पत्र टपालाने येणार. टपाल इदवलच्या हातात. मला पत्र आलं तर ते आधी त्याला कळणार, आणि नाही आलं तर तेही त्यालाच कळणार. रोज सकाळी तो फाटकाशी येणार, मी दार उघडणार, आणि तो माझ्या हातात शाळेचं परिपत्रक ठेवून माझा चेहरा बघणार. सात वर्षं त्याने तो चेहरा बघितला होता. शिवाय पत्र त्याच्याकडे राहूनही गेलं असतं. इदवल तसा माणूस नाही. पण माणूस तसा नसला तरी थैलीला भोक असू शकतं.

मी डोल्वेनला शिकवायला जातो. तिथल्या पोस्टात अर्ज दिला की माझं टपाल घरी पाठवू नका, इथेच खोक्यात ठेवा, मी रोज येताना घेऊन जाईन.

“घर सोडताय का मास्तर?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“नाही. पोस्टमनचं ओझं हलकं करतोय.”

“फार चांगले आहात,” त्या म्हणाल्या. त्यांनीही विशेषण वापरलंच.

मेळा नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी. पंधरा दिवस आधीच्या सोमवारी खोक्यात काही नव्हतं. मंगळवारी वीजबिल. बुधवारी बियाण्यांची यादी. गुरुवारी काही नाही. शुक्रवारीही काही नाही. समितीच्या सचिव मिस मोरविद. घड्याळ त्यांना बघून लावावं अशी बाई. पत्र यायचं असतं तर आलं असतं. मी खोक्याकडे जायचं बंद केलं. शाळा सुटली की तोंड दुसरीकडे करून गाडी पोस्टावरून न्यायचो.

त्या वर्षी परीक्षक फ्लूने आजारी पडले होते आणि त्यामुळे पत्रं आठ दिवस उशिरा गेली, हे मला नंतर कळलं.

घरी मी बोलायचा बंद झालो. आणि इकडे इदवल एकेक पुरावा देत होता. मंगळवारी, म्हणजे भर कामाच्या दिवशी, त्याने केस कापले. त्याचा काळा सूट डोल्वेनच्या ड्रायक्लीनरच्या खिडकीत लटकलेला मी स्वतः पाहिला. पत्रं वाटताना तो बोटांवर काहीतरी मोजायचा, थांबायचा, पुन्हा मोजायचा. कविता देऊन झाल्यावर कोण मोजतं? भाषणाची तयारी करणारा मोजतो. सत्काराला उत्तर देणारा मोजतो.

मेळ्याच्या आधीच्या मंगळवारी तो रस्त्यात गाडी थांबवून काच खाली करून म्हणाला, “मास्तर, तुझा डोल्वेनचा खोका भरलाय.”

“असू दे.”

“म्हणजे मी आपलं सांगतो. सकाळी पत्रं लावायला आम्ही तिथेच असतो ना. दिसतं.”

“काय दिसतं?”

“काही नाही. खोका दिसतो.” आणि तो हसला. “घेऊन ये जा जरा.”

बियाण्यांच्या याद्या, मी मनात म्हटलं. माझ्या खोक्यात याद्या साठल्यात, हे सांगायला हा काच खाली करतो.

“तुझे केस छान कापलेत,” मी म्हणालो. माणूस रागात काहीही बोलतो.

बुधवारी सेलविन सुताराने बोलावणं पाठवलं. रंगमंचाची मांडामांड माझ्याकडे असते. पडदा, फुलं, घडीच्या खुर्च्या. सात वर्षं मी मेळ्यात दोनशे खुर्च्या मांडतोय, म्हणजे खुर्च्यांशी माझा संबंधच नाही असं म्हणता येणार नाही. सेलविन गादीवर आडवा होता, पाठीखाली फळी.

“खुर्ची झालीये,” तो म्हणाला. “शेडमध्ये पालथी ठेवलीये. नेशील तेव्हा पालथीच ने.”

“का?”

“अरे, चाळीस वर्षं पाणी प्यायलेलं लाकूड तीन महिन्यांत वाळतं का? मी समितीला म्हटलं, पाच वर्षं द्या. मिस मोरविद म्हणाल्या, शंभरावं वर्ष पाच वर्षांनी येत नाही. मग केली. खांब, तुळई बरीच सुकली. पण बैठक उंबऱ्याची आहे. जाड. आत अजून पाणी आहे. हॉलमध्ये शेगडी पेटवली, वर माणूस बसला, की येणार वर. आणि ओकाचं पाणी म्हणजे शाई असते शाई. डाग जन्मात जात नाही.”

“मग?”

त्याने पलंगाखालून हॉस्पिटलमध्ये वापरतात तसलं रबरी कापड आणि एक लाल उशी काढली. “बैठकीवर आधी हे, मग हे. तेवढं विसरू नकोस, तेगविन. नाहीतर ज्याला मिळेल त्याच्या पँटीचं कल्याण.”

मी दोन्ही वस्तू घेऊन आलो आणि गाडीच्या डिकीत ठेवल्या. डिकी बंद केली. बंद करताना माझ्या डोळ्यांसमोर ड्रायक्लीनरच्या खिडकीतला सूट होता. तो काळा आहे, त्यावर डाग दिसणार नाही, एवढंच वाईट वाटलं. पण ओल लागेल. अर्धा तास लागत राहील. मग मी स्वतःला म्हटलं की मी अजून काही केलेलं नाही. डिकी कुणीही उघडू शकतं.

शनिवारी दुपारी मी खुर्ची रंगमंचावर मांडली. सुंदर होती. हे विशेषण मी मागे घेणार नाही. काळसर, रुंद, पाठीवर तुळईचीच नक्षी, जशी होती तशी ठेवलेली. डिकीतल्या वस्तू डिकीत राहिल्या. शेगडीही मीच पेटवली, आणि जरा जास्तच पेटवली.

घरी नेस्टाने माझा फिकट राखाडी सूट इस्त्री करून ठेवला होता.

“तपकिरी घालतो,” मी म्हणालो.

“आज राखाडीच.”

“मला मागच्या रांगेत बसायचंय. मागच्या रांगेला राखाडी कशाला?”

नेस्टा माझ्याकडे बघून गालात हसली. “घाल गुपचूप. काय नाटकी आहेस रे!”

मला त्यात काही नाटक दिसलं नाही. मी राखाडी घातला.

चार वाजता हॉल भरला. इदवल पुढून तिसऱ्या रांगेत, कडेला, म्हणजे उठून जायला सोपं. काळा सूट, कापलेले केस, खिशातून डोकावणारा कागद. परीक्षक अजून खोकत होते. ते म्हणाले, कविता चार आल्या. एकाला मात्रा मोजता येत नाहीत, एकाला पाणी म्हणजे समुद्र वाटला, तिसऱ्याने हवामानखात्याचा अहवाल पाठवलाय. चौथी कविता निर्दोष आहे. एवढंच म्हणाले. इदवलच्या कवितांना परीक्षक ‘जिवंत’ म्हणायचे. मला जरा बरं वाटलं. म्हणजे यंदा हासुद्धा नुसता निर्दोषच आहे.

बँकेतल्या कारकुनाने तुतारी वाजवली. दिवे मंद झाले. व्यासपीठावरून पाद्रीसाहेबांनी पुकारा केला, “ज्याचं टोपणनाव ‘उंबरा’, त्याने, आणि फक्त त्यानेच, उभं राहावं.”

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा. याने माझं टोपणनावही चोरलं!

मी इदवलकडे बघत राहिलो. तो उठेना. तुतारी पुन्हा वाजली. हॉलमधला एकमेव दिव्याचा झोत रांगांवरून फिरायला लागला. इदवल मागे वळला आणि सरळ माझ्याकडे बघू लागला. मग त्याची रांग वळली. नेस्टाने माझ्या बरगडीत कोपर मारलं.

“पुरे आता,” ती कुजबुजली. “ऊठ.”

“मी का उठू?”

“तेगविन, किती ताणशील?”

मग माझ्या लक्षात आलं की उंबरा मीच आहे. मी उठलो. सगळे “अरे!” म्हणाले. त्यात सगळ्यात मोठ्याने मी म्हणालो.

दोन कवी मला घ्यायला आले, तशी पद्धत आहे. एका बाजूला डोल्वेनचा औषधवाला. दुसऱ्या बाजूला इदवल. केस कापायचं कारण हे होतं. कविराजाला हात धरून वर न्यायचं काम समितीने त्याला दिलं होतं. मधल्या वाटेने जाताना तो ओठ न हलवता म्हणाला, “मानलं बाबा तुला. आठवडाभर काय तोंड केलं होतंस! मला शपथेवर वाटलं असतं की तुला माहीतच नाही.”

“मला माहीत नव्हतं.”

“अजून चालूच आहे का,” इदवल म्हणाला.

मी खुर्चीपुढे उभा राहिलो, पाठ खुर्चीकडे. आणि तेव्हा मला डिकी आठवली.

पाद्रीसाहेबांनी रीतीप्रमाणे माझ्या डोक्यावर समारंभाची तलवार धरली आणि म्यानातून अर्धी बाहेर काढली. “शांती आहे का?”

“शांती!” हॉल म्हणाला.

मी विचार करत होतो. अजून सांगता येईल. हात वर करून म्हणता येईल, थांबा, माझ्या गाडीच्या डिकीत एक रबरी कापड आणि उशी आहे. मग मिस मोरविद विचारतील, डिकीत का आहे? दोनशे माणसांसमोर विचारतील. शेगडी माझ्या डाव्या हाताला लाल होऊन बसली होती.

“शांती आहे का?”

“शांती!”

सेलविन सुतार फळीसकट पहिल्या रांगेत आणून बसवलेला होता. तो खुर्चीच्या बैठकीकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा बैठकीकडे. त्याचा चेहरा विचारत होता, उशी कुठाय?

“शांती आहे का?” तिसऱ्यांदा.

“शांती,” मीही म्हणालो, आणि बसलो.

सेलविनने कारागीर म्हणून काम चोख केलं होतं. पहिली दोन मिनिटं काही झालं नाही. मग गारवा आला. मग गारव्याची व्याख्या बदलली. नेस्टाच्या मैत्रिणीने खुर्चीचं गाणं म्हटलं, त्याला पाच कडवी आहेत. लहान मुलींनी फुलांचा नाच केला. दहाव्या मिनिटाला पाणी गुडघ्यामागे पोचलं. मी चेहरा कोरा ठेवला. त्याची सवय होती.

मग गावातल्या कवींनी विजेत्याला चार-चार ओळींनी सलाम करायचा, अशी रीत आहे. औषधवाल्याने केला, त्यात माझी तुलना गरुडाशी होती. मग इदवल पुढे आला. खिशातला कागद काढला, एकदा बघितला आणि खिशात परत ठेवला.

“चाळीस वर्षे पाण्याखाली
दार कुणी ना लावले;
उंबऱ्याने ओळखली मग
घरच्याचीच पावले.”

टाळ्या आल्या, आणि आल्यावर थांबेनात.

मला आठवलं. हावोदचा शेवटचा रविवार. आजोबा चॅपेलमधून सगळ्यांच्या मागून बाहेर आले आणि त्यांनी दार उघडंच ठेवलं. कुणीतरी म्हणालं, पाद्रीबुवा, दार? आजोबा म्हणाले, ते येणारच आहे, त्याला ठोठावायला कशाला लावा. पाण्याबद्दल म्हणत होते. मी तिथे होतो. इदवल माझ्या शेजारी होता, आम्ही दोघं आठ वर्षांचे. आठ आठवडे मी चोवीस ओळींत धरण घातलं, गाळ घातला, मोझेसने दुभंगलेला समुद्र घातला. दार घालायचं मला सुचलं नाही. माझे आजोबा, माझं दार, माझी खुर्ची, आणि कविता त्याची.

मी ओल्या उंबऱ्यावर बसून टाळ्या वाजवल्या. आयुष्यात इतका मत्सर मी कुणाचा केला नव्हता, आणि इदवलचा मी बराच केलेला आहे.

उठलो तेव्हा राखाडी सूटवर मागे काळी शाई पसरली होती. पुढचा तासभर मी भिंतीला पाठ लावून अभिनंदनं स्वीकारली. लोकांना वाटलं, विनय आहे.

सोमवारी डोल्वेनच्या खोक्यातून पत्र घेतलं. ‘आपणास कळविण्यास आनंद होतो’, वगैरे. मिस मोरविदना मी काही बोललो नाही. माझ्या अभिनयाबद्दल त्यांनी इतक्या जणांना सांगितलं होतं की आता खरं सांगणं म्हणजे त्यांचा अपमान झाला असता. नेस्टाला सांगितलं. तिला इदवलने कुंपणावरून एवढंच म्हटलं होतं की मी काही बोलू शकत नाही, पण तुझ्या जागी असतो तर एक शर्ट इस्त्री करून ठेवला असता. ती माझं ऐकून हसून हसून खाली बसली. उशीचं तिला सांगितलं नाही.

डिसेंबरात पान लिहायला बसलो. खुर्ची समोर, शेगडीपासून लांब. बैठक अजून दमट होती. ‘नोव्हेंबर: मेळ्याचं शंभरावं वर्ष. खुर्ची तेगविन मास्तरांना.’ वीस वर्षं ही ओळ मला लिहायची होती. लिहून झाली. तिच्याकडे बघितलं. निर्दोष होती.

मग तिच्याखाली इदवलच्या चार ओळी उतरवल्या. नावासकट. महिन्याला तीनच ओळींचा नियम मोडला. ‘चाळीस’ हे संख्याविशेषण धरलं तर दुसराही मोडला. मी धरलं नाही.

तेवढ्यात इदवल अंडी घेऊन आला. नेस्टा बाहेर गेली होती. मी म्हटलं, तुझ्या ओळी छापतोय, नीट बघून घे. त्याने खिशातून तोच कागद काढून पडताळायला दिला. कागदावर तिसरी ओळ होती, ‘लाकडाने ओळखली मग’.

“इथे तर लाकडाने आहे.”

“हो. वर टोपणनाव पुकारलं ना उंबरा, तेव्हा बदललं.”

“उभ्याउभ्या?”

“तू दोनदा तुतारी वाजवायला लावलीस. वेळ होता.”

मी कागद परत दिला. मग विचारलं, “तू कविता दिलीच नव्हतीस?”

“नाही म्हणालो होतो की. कोबी यंदा नाही म्हणून.”

“का पण?”

“दहावी ठेवू कुठे?” इदवल म्हणाला. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, “तुझ्या आजोबांचा उंबरा घेऊन मी काय केलं असतं, तेगविन? कोंबडी बसवली असती?”

म्हणजे मी पहिला आलो तो हवामानखात्यापुढे. इदवलने ती खुर्ची मला सोडली होती, आणि सोडल्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. हेही मला कधी जमलं नसतं. मत्सराच्या यादीत मी ते लिहून घेतलं.

“चहा टाकतो,” मी म्हणालो.

“टाक. तोवर बघू तरी बसून.” आणि तो खुर्चीकडे वळला. त्याच्या अंगावर टपालखात्याचा राखाडी गणवेश होता, कडक इस्त्रीचा. वीस वर्षं मी ज्याचं स्वप्न बघितलं तो क्षण हाच होता. इदवल माझ्याकडे, मी जिंकलेल्या खुर्चीवर. त्याने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि वाकला.

“थांब,” मी म्हणालो. लगेच नाही, पण म्हणालो.

बाहेर जाऊन डिकी उघडली आणि रबरी कापड व लाल उशी आणून बैठकीवर टाकली. इदवल आधी कापडाकडे बघत राहिला, मग उशीकडे, मग माझ्याकडे.

“हे सेलविनचं ना? तो मला म्हणाला होता, मास्तरकडे दिलंय म्हणून.”

“हो.”

“मेळ्याआधी दिलेलं?”

“बुधवारी.”

“विसरलास होय?”

“नाही,” मी म्हणालो.

इदवल विचार करू लागला. बोटांवर मोजत असावा. मग त्याला ते लागलं, हळूहळू, शेवटच्या मात्रेपर्यंत. “म्हणजे तुला वाटलं की मी...”

मी किटली भरायला गेलो. आता पाणी चोवीस तास असतं. किटली गॅसवर ठेवली. तो निघून जाताना दार वाजेल म्हणून मी थांबलो होतो. वाजलं नाही. मग बाहेरच्या खोलीत ओक किरकिरला.

चहा घेऊन गेलो तर तो उशीवर टेकून बसला होता, पाय लांब सोडून, टोपी गुडघ्यावर.

“मास्तर,” तो कप घेत म्हणाला, “अडुसष्ट जास्त मऊ आहे.”